धाकट्याची अँटीबॉडी टेस्ट करावी का? (टाइप-१ 'लांबवणारं' औषध आणि आमच्या घरातला वाद)

सुदामानगरी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मोठी मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तिला टाइप-१ मधुमेह निघाला. आठवडाभर नुसती पाणी पाणी करत होती, रात्री तीन-तीनदा उठायची, फ्रॉक सैल झाले. आम्ही म्हटलं गरब्याची दमणूक. मग उलट्या सुरू झाल्या. जवळच्या एका दवाखान्यात 'पोट बिघडलंय, अशक्तपणा आहे' म्हणून सलाइन लावलं. ग्लुकोजचं. पहाटे तिचा श्वास असा काही भात्यासारखा चालायला लागला की नवऱ्याने तशीच चादरीत गुंडाळून मोठ्या हॉस्पिटलात नेली. शुगर ५८०, कीटोन्स (इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी आम्लं), चार दिवस आयसीयू. त्या चार दिवसांबद्दल इथे लिहिणार नाही.

आता ती छान आहे. इन्सुलिनचं पेन स्वतःचं स्वतः टोचते आणि वर्गातल्या मुलांना फुशारकीने दाखवते.

प्रश्न धाकट्याचा आहे. सात पूर्ण झाली त्याला. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, तो गेले सहा महिने मागे लागलाय की भावंडांची अँटीबॉडी टेस्ट करतात, आजार यायच्या आधीच कळतं, आणि आता तो लांबवायचं औषधही निघालंय. सासूबाई म्हणतात, "भरल्या घरात अभद्र शोधायला कशाला जायचं?" नवरा कुंपणावर. मी रात्री जागी.

कुणी केली आहे का ही टेस्ट? पॉझिटिव्ह आली तर पुढे काय? ते औषध खरंच काही करतं का?

---

जीरावण | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, स्वागत. मी पण इंदूरचाच, लोकमान्य नगर. टाइप-१, चोवीस वर्षं अनुभव, पगारवाढ नाही.

सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता पोहे खातोय. (आधी टोचून. मग कुणी विचारायला नको.)

---

कढीलिंब | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

आमच्या ओळखीत एकांना रोज सकाळी कारल्याचा रस आणि विजयसाराच्या लाकडी पेल्यातलं पाणी याने पूर्ण फरक पडला. गोळ्या बंद झाल्या. करून बघायला काय हरकत आहे?

---

उंटावरचा_शहाणा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

@कढीलिंब, 'गोळ्या बंद झाल्या' यातच उत्तर आलं. तो टाइप-२. टाइप-१ मध्ये गोळ्या नसतातच, शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या गेलेल्या असतात. कारल्याने मेलेली पेशी उठत नाही. हरकत एवढीच, की अशा सल्ल्यावर कुणीतरी पोराचं इन्सुलिन बंद करतं.

धागाकर्तीला: माझं मत, टेस्ट करू नका. सख्ख्या भावंडाला टाइप-१ होण्याची शक्यता साधारण ५ टक्के. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांना होत नाही. त्या पाचांसाठी सात वर्षांच्या पोराच्या कपाळावर शिक्का कशाला? पॉझिटिव्ह आला तर उद्या आरोग्य विमावाला विचारेल, परवा कुणी आणखी. आणि रोखता तर येत नाहीच.

---

हेलसिंकीकर | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मी मूळची ग्वाल्हेरची, सध्या फिनलंडमध्ये. टाइप-१ चं प्रमाण जगात सगळ्यात जास्त या देशात आहे. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. थंडी, विषाणू, अति स्वच्छता, सगळ्यांवर संशय घेऊन झालाय. (अति स्वच्छतेवरून इंदूरकरांनी घाबरू नये.)

इथे १९९४ पासून डीप नावाचा अभ्यास चालू आहे, तुर्कू, ओउलू आणि तांपेरे या गावांत. बाळ जन्मलं की नाळेच्या रक्तातून जनुकीय धोका बघतात, धोका असेल तर वर्षानुवर्षं ठरावीक अंतराने अँटीबॉडी तपासतात. आमच्या शेजारणीचा मुलगा त्यात होता. ती म्हणायची, तपासणीच्या दिवशी केक असतो म्हणून तो खूश असायचा.

रोखायचे प्रयत्न म्हणाल तर त्यांचं अख्खं स्मशान आहे. निकोटिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा भाऊ, त्याची युरोपभर मोठी चाचणी झाली, २००४ मध्ये निकाल: शून्य. अमेरिकेत नातेवाइकांना इन्सुलिनचीच छोटी इंजेक्शनं देऊन पाहिली, मग तोंडावाटे दिलं. इथे नाकावाटे दिलं. उपयोग नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनामुळे होतं अशी शंका होती म्हणून दोन हजारांवर बाळांना ते प्रथिन बारीक तोडलेलं दूध दिलं, पंधरा देशांत. २०१८ मध्ये निकाल: काही फरक नाही.

त्यामुळे २०१९ मध्ये पहिल्यांदा 'लांबलं' असा निकाल आला तेव्हा इथले लोक का हरखले ते समजू शकते.

---

मुक्काम_पोस्ट_देवास | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

बसलोय वाचत. चांगला धागा.

---

स्टेथो_बडोदा | १३ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वडोदऱ्यात. इथलं लिहिणं म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला नव्हे, हे गृहीत धरून वाचा.

सुदामानगरी, शुगर वाढली तो दिवस म्हणजे या आजाराचा शेवटचा अंक असतो. पडदा महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं आधी उघडलेला असतो. आपल्याच पांढऱ्या पेशी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर चाल करतात, आणि त्या लढाईच्या खुणा म्हणजे या अँटीबॉडीज: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिनविरुद्धची.

पायऱ्या अशा: दोन किंवा जास्त अँटीबॉडीज सापडल्या पण शुगर नॉर्मल, ही पहिली. शुगर किंचित डळमळायला लागली पण पोराला काहीच त्रास नाही, ही दुसरी. तहान, लघवी, वजन उतरणं, म्हणजे ज्याला आपण 'निघाला' म्हणतो, ती तिसरी. एकच अँटीबॉडी सापडली तर घाबरायचं कारण कमी: जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांत दहा वर्षांत साधारण १५ टक्क्यांना आजार झाला. दोन किंवा जास्त असतील तर मात्र ७० टक्क्यांना.

तुमच्या भावाचं औषध म्हणजे टेप्लिझुमॅब. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १७ नोव्हेंबर २०२२ ला त्याला परवानगी दिली ती दुसऱ्या पायरीवरच्यांसाठी, आणि वय आठ किंवा पुढे. सलग चौदा दिवस रोज शिरेतून द्यायचं. ज्या चाचणीवर ही परवानगी मिळाली त्यात ७६ जण होते, सगळे टाइप-१ वाल्यांचे नातेवाईक. नुसतं सलाइन मिळालेल्यांत निम्म्या लोकांना दोन वर्षांत आजार झाला, औषध मिळालेल्यांत निम्म्यांना चार वर्षांत. थांबला नाही, लांबला. पुरळ येतं, पांढऱ्या पेशी काही आठवडे खाली जातात.

@उंटावरचा_शहाणा, ५ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. पण घरात कुणालाच नसलेल्या मुलापेक्षा तो दहापटीहून जास्त आहे, हेही सांगायला हवं होतं. आणि उलट बाजूही: टाइप-१ झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

---

उंटावरचा_शहाणा | १३ ऑक्टोबर, रात्री १०:४८

डॉक्टर, सगळं मान्य. पण मग दोन वर्षं लांबवायला किती पैसे? तेही सांगा की.

---

पिथमपूर_शिफ्ट_सी | १४ ऑक्टोबर, पहाटे ३:१०

ते मी सांगतो, रात्रपाळीत जागाच आहे. औषध कंपनीत गुणवत्ता विभागात असतो (हे औषध आमचं नव्हे).

अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा एका कुपीची छापील किंमत १३,८५० डॉलर. चौदा कुप्या. १,९३,९०० डॉलर. आपल्याकडे दीड कोटीच्या वर. सुदामानगरात घर येतं.

याची कुळकथा मजेदार आहे. १९८६ मध्ये उंदराच्या पेशींतून बनवलेली एक अँटीबॉडी किडनी प्रत्यारोपणात वापरायला मंजूर झाली, माणसासाठी मंजूर झालेली ती पहिली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातली अँटीबॉडी. टी-पेशींच्या (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) अंगावरच्या सीडी-३ नावाच्या खुंटीला ती धरायची. पण रुग्णांना ताप, थंडी, असा काही झटका यायचा की विचारू नका. तिलाच माणसाळवून आणि दात काढून टेप्लिझुमॅब झालं. २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीत ते ठरलेल्या निकषावर नापास झालं, बड्या कंपनीने हात झटकले. मग एका छोट्या कंपनीने उचललं, २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीत १० विरुद्ध ७ अशी जेमतेम मतं मिळाली, तरी एफडीएने एकदा परत पाठवलं, पुढच्या वर्षी मंजूर. २०२३ मध्ये सनोफीने ती छोटी कंपनी २.९ अब्ज डॉलरला घेतली.

आता या किमतीत औषधाची किती आणि या सौद्याची किती, तुम्हीच ठरवा. इन्सुलिन शोधणाऱ्या टोरांटोवाल्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं होतं, हे आठवलं की रात्रपाळीत जरा जास्तच उदास वाटतं.

---

जीरावण | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काल लिहितो म्हणालो आणि सराफ्यात गेलो. गराडू (थंडीतले तळलेले कंद) सुरू झालेत का बघायला. नाही झाले.

'फक्त दोन वर्षं' असं वरती सूर लागलाय, त्याबद्दल. मला अकराव्या वर्षी निघाला. तेव्हा सेन्सर नव्हता, पेन आमच्या ऐपतीत नव्हतं. सिरिंज आणि फ्रिजच्या दारातली बाटली. त्या वर्षी शाळेची मांडवची (मांडूची) सहल होती. आई नको म्हणाली, बाबा नको म्हणाले, सर तर हात जोडून नको म्हणाले. मी घरी बसलो आणि गॅलरीतून बस बघितली. दोन वर्षं उशिरा निघाला असता तर मांडव बघून झालं असतं, इतकंच.

तेरा वर्षांचं पोर स्वतःचा हिशोब स्वतः करतं. पाच वर्षांच्या पोराला हायपो झाला, म्हणजे साखर एकदम उतरली, तर ते सांगू पण शकत नाही, नुसतं चिडचिड करतं आणि आई म्हणते हट्टीपणा करतोय. दोन वर्षं म्हणजे किती, ते कुठल्या वयातली दोन वर्षं यावर आहे.

दीड कोटी माझ्याकडे पण नाहीत. मुद्दा वेगळा आहे.

---

अप्पा_रामबाग | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

'नवे उपचार', 'चाचणी' हे शब्द इंदूरच्या माणसाने ऐकले की त्याचा कान टवकारतो, त्याला कारण आहे. नव्या मंडळींना ठाऊक नसेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी औषधांच्या चाचण्यांवरून आपल्या शहराचं नाव देशभर गाजलं होतं, आणि ते स्वच्छतेसाठी नव्हे. रुग्णांना, त्यात लहान मुलांनासुद्धा, आपल्यावर प्रयोग चाललाय हे धड सांगितलंच गेलं नाही, असे आरोप होते. इथलीच स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानंतर भरपाईचे नियम आले, संमती घेतानाचं चित्रीकरण आलं, पुढे २०१९ मध्ये नवी नियमावली आली.

आमच्या वाड्यात तेव्हा एक गृहस्थ होते, त्यांना डॉक्टरांनी 'परदेशी औषध आहे, फुकट आहे' म्हणून कागदावर सही घेतली होती. इंग्रजी कागद. त्यांना मोडी येत होती.

मुली, भावाचं ऐक, डॉक्टरांचं ऐक, पण सही करण्यापूर्वी कागद मराठीत किंवा हिंदीत माग.

---

स्टेथो_बडोदा | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

अप्पा, नमस्कार. अगदी योग्य. यात एक भर: भारतात होणारी प्रत्येक औषधचाचणी २००९ पासून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावीच लागते, आणि ती नोंदवही नेटवर कुणालाही बघता येते. कुणी 'आमच्याकडे टाइप-१ चा नवा प्रयोग आहे' म्हणालं, तर नोंदणी क्रमांक विचारा. चाचणीत भाग घ्यायचे पैसे मागितले, तर उठून निघा.

---

काकूबाई_६१ | १४ ऑक्टोबर, सायं ६:२०

हे वाचून लिहावंसं वाटलं. आमचा मुलगा सतरा वर्षांचा असताना एका दुसऱ्या शहरातल्या क्लिनिकची जाहिरात पाहिली, स्टेम सेलने टाइप-१ कायमचा बरा. साडेचार लाख भरले, माझ्या पाटल्या गेल्या त्यात. त्याच्याच पोटाची चरबी काढून काहीतरी करून परत टोचलं. तीन महिने इन्सुलिन थोडं कमी लागलं, आम्ही पेढे वाटले. नंतर परत होतं तेवढंच. फोन उचलेनात.

नंतर आमच्या इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की तसंही सुरुवातीच्या काळात काही महिने इन्सुलिन कमी लागतं, त्याला हनिमून म्हणतात. म्हणजे आम्ही हनिमूनचे साडेचार लाख दिले.

---

जीरावण | १४ ऑक्टोबर, सायं ६:३१

काकू, शेवटच्या वाक्यावर हसू की रडू कळेना. पाटल्यांचं वाईट वाटलं, खरंच.

---

स्टेथो_बडोदा | १४ ऑक्टोबर, सायं ७:१०

काकू, तुमच्यासारखे खूप आहेत, बोलत कुणी नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात: रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर मंजूर चाचणीबाहेर करणं अनैतिक. पैसे घेऊन तर नाहीच.

खरं काम आहे ते वेगळं. प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून पूर्ण वाढलेल्या बीटा पेशींची बेटं बनवून यकृताच्या शिरेत सोडतात. अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला: पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. पण ते रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असतात, आणि निवडलेले सगळे जीवघेणे हायपो येणारे होते. हसतंखेळतं नऊ वर्षांचं पोर त्यासाठी नव्हे.

---

शून्य_प्रहर | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

अवांतर होईल, पण बीसीजीच्या लशीने टाइप-१ बरा होतो असं व्हॉट्सॅपवर आलं होतं. बॉस्टनचं संशोधन. आपल्याकडे तर सगळ्यांना जन्मतःच बीसीजी टोचतात, मग आपल्याकडे होतोच कसा?

---

उंटावरचा_शहाणा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१४

प्रश्नातच उत्तर देण्याची ही पद्धत आवडली. जीरावण भियाच्या दंडावर बीसीजीचा व्रण असणारच.

---

जीरावण | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढा. स्वादुपिंडापर्यंत निरोप पोचला नाही.

---

स्टेथो_बडोदा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

बॉस्टनच्या प्रयोगात मोठ्या, जुन्या टाइप-१ रुग्णांना पुन्हा पुन्हा बीसीजी दिलं होतं, त्यामुळे जन्माच्या एका टोचणीशी थेट तुलना नको. पण मूठभर रुग्णांवरचं काम आहे ते. व्हॉट्सॅपवर बरं होण्याइतकं नाही.

---

पिथमपूर_शिफ्ट_सी | १५ ऑक्टोबर, पहाटे २:४०

स्वस्त औषधांकडे पण बघा की. व्हेरापामिल! ब्लड प्रेशरची जुनी गोळी, आपल्याकडे कुठल्याही केमिस्टकडे. २०२३ मध्ये अमेरिकेत नुकतंच निदान झालेल्या ७ ते १७ वयाच्या मुलांना वर्षभर दिली, आणि वर्षअखेर त्यांचं सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय त्याची खूण, दुसऱ्या गटापेक्षा ३० टक्के जास्त होतं. त्याच वर्षी मेलबर्नवाल्यांनी संधिवाताची गोळी बॅरिसिटिनिब ९१ नव्या रुग्णांपैकी ६० जणांना दिली, तिथेही स्वतःचं इन्सुलिन जास्त टिकलं. सुई नाही, सलाइन नाही.

---

सुदामानगरी | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस फक्त वाचतेय.

शिफ्टसी दादा, मग ती ब्लड प्रेशरची गोळी धाकट्याला आधीपासूनच देता येईल का? किंवा मोठीला?

---

स्टेथो_बडोदा | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:२२

नाही. ओपीडी सोडून लिहितोय, कारण हा प्रश्न मोकळा ठेवायचा नाही. ती गोळी हृदयाच्या ठोक्यांवर आणि रक्तदाबावर काम करते. चाचणीतल्या मुलांचे ईसीजी निघत होते. निरोगी भावंडाला दिल्याने आजार टळतो असं कुणीही दाखवलेलं नाही. मोठीला दोन वर्षं झाली आहेत, ती चाचणी निदान झाल्यापासून पहिल्या महिन्यातल्या मुलांची होती. बॅरिसिटिनिबचंही तेच, गोळी बंद केल्यावर फायदा ओसरत गेला.

---

पिथमपूर_शिफ्ट_सी | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:००

बरोबर, 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली' हे मी लिहायला हवं होतं. ताई, माफ करा, असंच घरात कुणी सुरू करू नका.

---

कढीलिंब | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

बघा! ब्लड प्रेशरची गोळी चालते, कारलं चालत नाही.

---

जीरावण | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३३

कारलं चालतं की. डाव्या बाजूला, पोळीबरोबर, इन्सुलिनचं एक युनिट पण लागत नाही. पोळीला लागतात.

---

मुक्काम_पोस्ट_देवास | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

हा विषय निघालाच आहे तर: पोहे-जलेबीला किती युनिट?

---

जीरावण | १५ ऑक्टोबर, सायं ५:२०

पोह्यांचा हिशोब बसतो. शेव, जीरावण, वर दाणे, सगळं पाठ आहे. जलेबीचा बसत नाही, कारण एक जलेबी असा प्रकार इंदूरात अस्तित्वात नाही.

---

स्टेथो_बडोदा | १५ ऑक्टोबर, सायं ६:००

आमच्याकडे सकाळी सेव-उसळ. पाव वेगळा मोजावा लागतो, पण निदान न्याहारीत पाक नसतो. गायकवाडी शिस्त.

---

अप्पा_रामबाग | १५ ऑक्टोबर, सायं ६:१५

होळकरी मुलखात न्याहारीवरून लढाई नको. हरायची सवय नाही.

---

उंटावरचा_शहाणा | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४०

धाग्याची न्याहारी व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे. डॉक्टर, सरळ विचारतो. औषध दीड कोटीचं, धाकटा सात वर्षांचा. पॉझिटिव्ह आला तरी हाताशी काही नाही. मग टेस्ट कशासाठी? आईची झोप उडवायला?

---

स्टेथो_बडोदा | १६ ऑक्टोबर, रात्री १२:०५

आज उत्तर द्यायला वेळ लागला, आयसीयूत एक मूल होतं. सहा वर्षांचं, नवीन टाइप-१, श्वास भात्यासारखा. सुदामानगरीच्या पहिल्या पोस्टमधला शब्द दिवसभर डोक्यात होता.

माझ्या मते भारतात ही टेस्ट औषधासाठी करायचीच नाही. ती करायची त्या पहाटेसाठी. जर्मनीत बव्हेरियात २०१५ पासून नव्वद हजारांवर लहान मुलांची अशी चाचणी केली, साध्या बालरोग दवाखान्यांतून. शेकडा ०.३ मुलांत आजार आधीच सुरू झालेला सापडला. त्यांच्या आईवडिलांना शिकवून ठेवलं. पुढे त्या मुलांना तिसरी पायरी आली तेव्हा अगदी थोडी मुलं कीटोन्स होऊन बेशुद्धीच्या वाटेला लागलेली होती. एरवी तिथेसुद्धा पाचातलं एक तरी मूल तसंच येतं. इटलीने तर २०२३ मध्ये देशभरच्या मुलांच्या तपासणीसाठी कायदाच केला, सीलिॲक या गव्हातल्या ग्लुटेनच्या आजारासकट.

तर शहाणे, हाताशी काय आहे? घरात ग्लुकोमीटर आहे. पॉझिटिव्ह आला तर कधी, किती वेळा बघायचं हे ठरेल, आणि आजार आलाच तर ओपीडीत चालत येईल, चादरीतून नाही. उडालेली झोप खरी आहे. ती मी नाकारत नाही. काही आया मला येऊन म्हणाल्या आहेत की कळलं नसतं तर बरं होतं.

टेस्ट न करण्याचा निर्णयही चालेल, तो चूक नाही. पण मग एक करा: धाकट्याला तहान वाढली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, वजन उतरलं, किंवा उलट्या होतायत, तर कुठल्याही दवाखान्यात सलाइन लावू देण्याआधी बोटाला टोचून शुगरची पट्टी. पाच सेकंद.

---

उंटावरचा_शहाणा | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

पटलं. विम्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. अर्ज करायचा असेल तर टेस्टच्या आधी करून टाका.

---

हेलसिंकीकर | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

+१ डॉक्टरांना. तो केकवाला मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. त्याला दोन अँटीबॉडीज होत्या, चौदाव्या वर्षी टाइप-१ झाला. त्याच्या आईने पट्टीवर पाहिलं, पिशवी भरली आणि ट्रामने हॉस्पिटलात गेली. ट्रामने! मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

---

सुदामानगरी | १६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

डॉक्टर, 'चादरीतून नाही' वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. नंतर सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला, कारल्यासकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रक्त काढायला त्याला एकट्याला नेऊ नको, मी येते."

दिवाळीनंतर करतोय.

---

सुदामानगरी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. रिपोर्ट आला. चारही निगेटिव्ह.

लॅबच्या पायऱ्यांवरच रडले, सासूबाईंनी खोबऱ्याची वडी काढून सगळ्यांना दिली, रिसेप्शनवाल्या मुलीलाही. डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ धोका खूप कमी, संपला असं नाही, दहा-बारा वर्षांचा झाला की परत एकदा बघू. स्टेथो डॉक्टर, तुम्हीही असंच म्हणाला असतात ना?

लिहायचं कारण वेगळं आहे. घरी आलो, सगळे खुशीत. मोठीने विचारलं काय झालं. मी सांगितलं, दादूला नाहीये. ती म्हणाली, "अच्छा." मग हात धुऊन आली, शुगर बघितली, वहीत लिहिली, आणि म्हणाली, "म्हणजे मी एकटीच."

मला काही उत्तर सुचलं नाही.

---

स्टेथो_बडोदा | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

हो, असंच म्हणालो असतो. बाकीच्याला माझ्याकडेही उत्तर नाही. जीरावण कुठे आहेत?

---

जीरावण | २१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आहे, आहे.

ताई, रविवारी सकाळी आठला छप्पन दुकानवर या, तिला घेऊन. मी असतो, शिवाय एक इंजिनिअरिंगची मुलगी येते, इन्सुलिन पंपवाली, आणि एक बँकेतले काका आहेत, त्यांना एकतीस वर्षं झाली. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी भेटतो. सगळे आधी टोचतो, मग पोहे. जलेबीवर मतभेद आहेत, तिचं मत लागेल.

वही आणायला सांगा. आमच्यापैकी कुणीच लिहीत नाही.

---

सुदामानगरी | २१ नोव्हेंबर, रात्री ११:१२

ती विचारतेय, पंप दिसेल का.

---

जीरावण | २१ नोव्हेंबर, रात्री ११:१४

दिसेल. त्यावर स्टिकर लावलेत. गराडू पण सुरू झालेत, त्याचा हिशोब मला येत नाही, तिला म्हणावं करून ये.